परवाचा बॅकअप

सर्व्हर घरी आला तेव्हा शिवांगीने त्याच्याकडे पाहुणा म्हणूनच बघितलं होतं. येईल, चार दिवस राहील, जाईल. चारुदत्तकाका आणि तिचा नवरा परीक्षित या दोघांनी मिळून ते काळं जड धूड बेसमेंटचा जिना उतरवलं, वॉशिंग मशीन आणि हीटिंग ऑइलची टाकी यांच्या मधल्या जागेत बसवलं, आणि कंबर धरून काका म्हणाले, "डेटा सेंटरवाल्यांची भाड्याची कटकट संपली. आता हा तुमच्याकडे जेवायला." जेवायला म्हणजे विजेवर. ते स्वतःच्याच विनोदावर हसले. परीक्षितही हसला, कारण काका त्याचे साहेब होते.

काकांची कंपनी पाच माणसांची होती. अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत काय किंवा आसपासच्या गावांत काय, निम्मी घरं हिवाळ्यात तेलावर तापतात. डीलरांचे ट्रक घरोघर जाऊन टाक्या भरतात. कुठल्या घरची टाकी केव्हा तळाला जाणार हे आधी कळलं, तर ट्रकची फेरी फुकट जात नाही आणि कुणाचं घर थंड पडत नाही. ते आधी कळवणं हाच काकांचा धंदा. कुठल्या घरी केव्हा किती तेल भरलं आणि त्या दिवशी थंडी किती होती, असा चार हिवाळ्यांचा हिशोब त्या सर्व्हरमधल्या डेटाबेसमध्ये होता. त्यातून दर सोमवारी सकाळी डीलरांना यादी जायची, या आठवड्यात ही घरं भरा म्हणून.

तेव्हा सर्व्हर बंद पडणं म्हणजे काकांची कंपनी बंद पडणं. आणि परीक्षितचा व्हिसा काकांच्या कंपनीचा, ग्रीनकार्डचा अर्ज काकांच्या सहीचा, आणि घरातल्या तिघांचा आरोग्यविमाही तिथलाच.

विम्याची सगळ्यात जास्त गरज होती ती त्यांच्या मुलीला. अनया दोन वर्षांची होती आणि जन्मल्यापासून तिला ऐकू येत नव्हतं. बॉस्टनच्या हॉस्पिटलात तिच्या कानामागे यंत्र बसवायचं ठरलं होतं. विमा कंपनीने आधी नाही म्हटलं, मग पुन्हा नाही म्हटलं, मग कागदांचा ढीग पाठवल्यावर हो म्हटलं. ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली मिळाली होती. त्या एका तारखेला सगळं घर टांगलेलं होतं.

तोवर अनयाच्या पायात पैंजण होते. सासूबाईंनी नागपूरहून हौसेनं पाठवलेले. लोक कौतुक करायचे, "अय्या, किती गोड वाजतात!" पण ते वाजायचे शिवांगीसाठी. हाक मारून उपयोग नाही अशा पोरीचा ठावठिकाणा कळायला दुसरा उपाय काय? स्वयंपाकघरात पोळी लाटताना तिचे कान छुमछुमीकडे असायचे. छुमछुम थांबली की पोळी टाकून ती धावायची.

शिवांगी नागपूरची एमसीए. लग्नाआधी तीन वर्षं पुण्यात एका बँकेच्या डेटाबेसवर काम केलेली. इथे मात्र ती नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, म्हणजे काम करायला कायद्याने बंदी. सर्व्हर घरात आल्यावर परीक्षित आधी म्हणाला, "येताजाता जरा लाइट बघशील का? हिरवे आहेत ना एवढंच." मग म्हणाला, "रात्रीच्या फायली नीट चढल्या का बघतेस?" आणि शेवटी, "तूच बघ ना यार, तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतं." तिलाही बरंच वाटलं. कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं. डेटाबेसला विचारलेली क्वेरी अडकली तर पुन्हा सुरू करणं, माहितीने फुगलेली टेबलं आवरणं, जागा किती उरली त्यावर नजर ठेवणं, हे सगळं हळूहळू तिच्याकडे आलं.

"फक्त काकांना कळू देऊ नकोस हं," परीक्षित बजावायचा. "व्हिसाचं लफडं नको. कुणी विचारलंच तर तू खाली कपडे धुवायला जातेस."

म्हणून ती दिवसातून तीनदा कपडे धुवायला जायची. एकदा काकांच्या पत्नी, रेखाकाकू, दुपारभर बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "अगं, तिघांच्या घरात एवढे कपडे निघतात तरी कुठून? आमच्याकडे गणपतीत वीस पानं उठतात, तरी एवढं धुणं नसतं हो." शिवांगी नुसती हसली.

जानेवारीत परीक्षितच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि तो मिळेल त्या विमानाने नागपूरला गेला. काकांना सांगून गेला, "सर्व्हरची काळजी नको काका, मी तिथून लॉगिन करून बघतो." काका म्हणाले, "तू बाबांकडे बघ रे."

तो जाऊन आठवडा झाला नसेल. शनिवारी सकाळी ती खाली गेली, तर सर्व्हरच्या पोटातल्या पाच डिस्कांपैकी तिसरीचा लाइट पिवळा झालेला.

एक डिस्क गेली म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही, हे तिला माहीत होतं. वर्गातल्या पाच पोरांनी मिळून एक धडा पाठ करावा तशी ती व्यवस्था असते. एक गैरहजर राहिला तर उरलेले चौघं मिळून त्याचा भाग म्हणून दाखवतात. त्याच्या जागी नवा मुलगा आणून बसवायचा आणि चौघांनी त्याला तो भाग शिकवायचा. पण ते शिकवणं चालू असताना चौघांतला आणखी एक जर आडवा झाला, तर धडा कुणालाच येत नाही. म्हणून डिस्क बदलायच्या आधी सगळ्याची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवायची असते. ती प्रत ज्या डिस्कवर निघायची ती काकांच्या घरी असे. ते ती घेऊन यायचे, बॅकअप घ्यायचे आणि परत घरी न्यायचे. दोन्ही एका छपराखाली नकोत, हा त्यांचा नियम.

तिने नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मागे हॉस्पिटलातली भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती.

"ऐक ना, तीन नंबरची डिस्क गेली. पिवळा लाइट."

"अरे यार. बाकीच्या?"

"आत्ता तरी ठीक दिसतायत. पण सगळ्या एकाच लॉटच्या आहेत ना रे. एक गेली म्हणजे..."

"घाबरू नकोस गं तू लगेच. फुल बॅकअप परवाचा आहे. मग टाक बदलून डिस्क. नवी कपाटात आहे, वरच्या खणात."

"परवाचा? नक्की?"

"परवाचाच गं. काकांशी बोलणं झालंय माझं. आई, ते सलाइन संपलं का बघ जरा. शिवा, ठेवू?"

"बाबा कसे आहेत?"

"ओळखतात. बोलत नाहीत. ठेवतो."

परवा. परवा गुरुवार होता आणि गुरुवारी काका येऊन गेले होते. खांद्याला लॅपटॉपची बॅग होती, अर्धा तास खाली बसले आणि चहा न घेता गेले. जुळत होतं सगळं. तरी तिचा स्वभाव काही तिला सोडत नव्हता. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ती कीबोर्डपाशी वाकली. तेवढ्यात वर छुमछुम थांबली. ती दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली, तर अनया जिन्याच्या तोंडाशी उभी, एक पाय हवेत. शिवांगीने तिला कडेवर उचललं, छातीशी घट्ट धरलं, आणि परत खाली आली तेव्हा तिला वाटलं, दोनदा विचारलंय की मी. आणखी किती विचारू?

काकांना फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. काकांच्या लेखी ती कपडे धूत होती.

तिने मेलेली डिस्क ओढून काढली आणि नवी सरकवली. खटकन बसली. लाइट हिरवा लुकलुकायला लागला. शिकवणं सुरू झालं. चारही जुन्या डिस्का अशा घरघरायला लागल्या की सगळं धूड जमिनीतून बोलल्यासारखं वाटलं. अनयाला ते फार आवडलं. तिने दोन्ही तळवे सर्व्हरच्या अंगाला लावले, मग गालही लावला आणि डोळे मिटून घेतले. जिला काही म्हणजे काही ऐकू येत नाही ती पोर त्या यंत्राचं काय ऐकत होती कोण जाणे. शिवांगीला तिला बाजूला करवेना. ती तशीच पायरीवर बसून राहिली, एक डोळा पोरीवर, एक लाइटांवर.

म्हणूनच पहिल्या नंबरचा लाइट पिवळा होताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

घरघर थांबली नाही. पंखे फिरतच होते. अनया गाल टेकून उभीच होती. आत मात्र धडा कुणालाच येत नव्हता.

शिवांगीने लगेच फोन फिरवला. या वेळी तिचा आवाज शांत होता. फार वाईट काही झालं की तिचा आवाज शांत व्हायचा. "एक नंबरपण गेली. आता परवाच्या बॅकअपवरून उभं करावं लागेल. ती डिस्क काकांकडे आहे ना? काय सांगून मागवू?"

"परवाच्या बॅकअपवरून कसं? परवा अजून यायचाय."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारी गं! काका सोमवारी डिस्क घेऊन येणार आहेत, मग बॅकअप, मग तू बदलायची... शिवा, तू बदललीस?"

"तू परवाचा म्हणालास."

"हो, परवाचा! परवा म्हणजे सोमवार!"

"परवा म्हणजे गुरुवार," ती म्हणाली. "काका गुरुवारी आले होते. तू म्हणालास, परवाचा आहे. आहे म्हणालास."

"ठरलाय या अर्थी म्हणालो मी! गुरुवारी ते टाकीला नवा सेन्सर लावून बघायला आले होते, आपल्या तेलाच्या टाकीला! बॅकअपला नाही!"

लाइनवर खरखर होती. मग तो एकदम हसला, वाईट हसला. "इंग्लिशमध्ये बोललो असतो तर बरं झालं असतं, नाही? बावळट आहोत आपण. येणारा दिवसही परवा, गेलेलाही परवा."

ती हसली नाही. म्हणजे हाती असलेला शेवटचा बॅकअप नाताळच्या आधीचा होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"काकांना काही बोलू नकोस," तो म्हणाला. "मी फोन करतो. सांगतो की सर्व्हर बसला. मशीन आहे, बसतं. जुना बॅकअप मागवून घेतो, तू त्यावर सोमवारची यादी काढ. कुणाला कळणार नाही."

"नाताळनंतर भरलेली घरं त्यात रिकामी दिसतील."

"दिसू देत."

"ट्रक भरलेल्या घरी जातील, परीक्षित. आणि खरंच तळाला गेलेलं घर मागे राहील. आज बाहेर काय थंडी आहे, माहितेय?"

"तुला अनयाचं ऑपरेशन करायचंय की नाही?" तो ओरडला. मग लगेच मऊ झाला. "शिवा, ऐक. फक्त फेब्रुवारीपर्यंत. तारीख निघून जाऊ दे. मग सांगू सगळं खरं."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. समोरच्या घरात गेल्या महिन्यात बाळ आलं होतं. दाराला अजून निळे फुगे बांधलेले होते, थंडीने सुरकुतलेले. ते घर काकांच्या यादीत होतं की नाही तिला आठवेना. ज्या डेटाबेसला विचारून कळलं असतं तोच आता नव्हता. तिने डोळ्यांपुढे त्या घरातली टाकी आणली, तिचा खाली जाणारा काटा आणला, आणि मग दुसऱ्या एका घरातली, तिसऱ्या घरातली. आपली पोर वाचवायची म्हणून किती घरांतली पोरं आपण कुडकुडत ठेवणार आहोत, हे मोजता येत नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना.

तिने काकांना फोन केला आणि परीक्षितच्या आधी सगळं सांगून टाकलं. आपण काय करत होतो, कधीपासून, आणि आज काय केलं.

मग काका म्हणाले, "येतो."

ते आले ते रेखाकाकूंना घेऊन. काकूंनी कोट काढला आणि अनयाला मांडीवर घेतलं. काका खाली गेले, तो पिवळा लाइट आणि बाजूला काढून ठेवलेली डिस्क बघत उभे राहिले. त्यांचं वय सत्तरीला टेकलं होतं. एकोणसत्तर साली दोन बॅगा घेऊन आलो, हे ते दर पार्टीत सांगायचे. आज त्यातलं काही चेहऱ्यावर नव्हतं.

"म्हणजे गेलं वर्षभर माझा सर्व्हर तू चालवत होतीस," ते म्हणाले. "आणि मी दर महिन्याला परीक्षितची पाठ थोपटत होतो. वा."

"त्याची चूक नाही काका."

"त्याची चूक काय ते मला ठरवू दे." मग आवाज खाली आला. "अगं, एक फोन करायचास मला. काका, गुरुवारी बॅकअप घेतलात का? एवढंच. एका वाक्याचं काम होतं."

"काय म्हणून केला असता?"

"म्हणजे?"

"फोन. काय म्हणून केला असता, काका? तुमच्याकडे नोकरीला मी नाही. असू शकत नाही. परीक्षितची बायको बॅकअपचं विचारते कशाला, असं नसतं वाटलं तुम्हाला?"

वरून काकूंचा आवाज आला, "अहो, त्या पोरीला बोलू नका हो आता. काय व्हायचं ते झालंय."

"मी बोलत नाहीये," काका वर बघून म्हणाले. "तीच बोलतेय."

रविवारी त्यांनी नाताळआधीचा बॅकअप आणला. नव्या डिस्का घालून दोघांनी मिळून डेटाबेस उभा केला. कामात चूक नव्हती, पण त्यात नाताळनंतरचा सगळा हिवाळा नव्हता. सोमवारी सकाळी काकांनी एकेका डीलरला स्वतः फोन केला. या आठवड्याच्या यादीवर विसंबू नका, तुमच्याकडच्या पावत्या बघून ट्रक सोडा, आम्ही सगळं पुन्हा भरून घेतोय. कंपनीचा निम्मा धंदा ज्या डीलरकडून यायचा, त्याने ऐकून घेतलं आणि नम्रपणे करार संपवला. मागच्या वर्षी एका म्हातारीचं घर यादीत मागे पडून थंड राहिलं होतं, तेव्हाच त्याने सांगितलं होतं, पुन्हा नको. मंगळवारी दुसरा गेला.

बुधवारी काका एकटे आले. बूट काढून दाराशीच उभे राहिले. शिवांगी म्हणाली, "बसा ना." ते बसले नाहीत.

"दोन वर्षं ओढतोय मी हे," ते म्हणाले. "कधीतरी बंद करायचंच होतं. तुझ्यामुळे झालं असं मनात घेऊ नकोस. थोडं घे, सगळं घेऊ नकोस." ते हसायला गेले, जमलं नाही. "एकतीस तारखेपर्यंत चालू ठेवतो. त्याच्या पुढे पगार द्यायला काही उरत नाही. आणि कंपनीच नाही म्हटल्यावर विमाही..."

"ऑपरेशन फेब्रुवारीत आहे, काका."

"माहितेय. म्हणून तर घरी आलोय. फोनवर सांगवेना."

कंपनी नाही म्हणजे व्हिसा नाही. परीक्षित परत येणारच नव्हता, आणि तिलाही सामान बांधायचं होतं. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. काका गेल्यावर तिने हॉस्पिटलचा नंबर फिरवला. बराच वेळ संगीत वाजत राहिलं, मग एक बाई आली. शिवांगीने ऑपरेशन याच महिन्यात होईल का विचारलं. शक्य नाही म्हणून त्या म्हणाल्या. शिवांगीने फोन ठेवला नाही. "कुणी कॅन्सल केलं असेल तर? कुठलीही वेळ चालेल. अर्ध्या तासाच्या नोटिशीवर येईन." बाई टाइप करत राहिल्या. सर्दी झाली म्हणून एका मुलाची एकोणतीस तारीख सुटली होती.

"पण आई-वडील दोघं असलेले बरे असतात," त्या म्हणाल्या. "वडील येऊ शकतील ना?"

"मी येईन," शिवांगी म्हणाली. "मी एकटी."

"ठीक आहे. आणि यंत्र चालू करायला चार आठवड्यांनी यायचं. जखम भरल्याशिवाय चालू करता येत नाही. ती तारीख फेब्रुवारीच्या शेवटची देऊ?"

शिवांगीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. एकोणतीसला ते यंत्र पोरीच्या डोक्यात जाणार होतं, आणि आत महिनाभर मुकंच बसणार होतं. फेब्रुवारीच्या शेवटी ते तिघं कुठे असतील, अनयाला पहिला आवाज कोण ऐकवेल, कुठल्या गावात, काहीच सांगता येत नव्हतं. असं यंत्र चालू करून देणारं नागपुरात नसेल कुणी. पुण्यात असेल. पुण्यात विचारायला लागेल.

"मॅम? आहात ना?"

"ती तारीख नको," ती म्हणाली. "ते यंत्र कुठल्या कंपनीचं, मॉडेल कुठलं, ते मला सांगाल? स्पेलिंग करून. दुसरीकडे चालू करून घ्यावं लागणार आहे."

"दुसरीकडे म्हणजे?"

"इंडियात."

बाईंनी पडद्यावर नाव शोधलं. मग त्यांनी एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली, आणि शिवांगी प्रत्येक अक्षर परत म्हणून दाखवत लिहीत गेली.

"एम," बाई म्हणाल्या. "मेरीमधला."

"एम. मुंबईमधला?"

"असेल," बाई म्हणाल्या. "हो. तोच एम. पुढे?"

"थांबा," शिवांगी म्हणाली, "आतापर्यंतचं पुन्हा एकदा सांगा."